उडता गाऊन आणि अव्वल कारकून

आशाबाईंनी डीपी बदलला त्या सकाळी राजकुमार दाभाडे निवांत पोहे खात बसले होते. पुढं जे काही रामायण घडलं त्याला तो डीपी जबाबदार होता, आणि थोडं फार पोह्यांच्या घासाबरोबर राजकुमारांच्या तोंडून निसटलेलं एक वाक्य.

सुलेखाताईंनी फोन नवऱ्याच्या बशीशेजारी ठेवला. फोटोत धुकं होतं. धुक्यात एक कडा होता. आणि कड्यावर आशाबाई होत्या. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, पाण्याच्या मोटारीवरून जिन्यात रोज आवाज चढवणाऱ्या त्याच आशाबाई. पण अंगात लालभडक गाऊन, आणि गाऊनचं शेपूट हवेत एवढं लांब उडालेलं, की त्यात हॉलचे पडदे होऊन वर उशांचे अभ्रे निघाले असते.

"काय आहे हे? कुणाच्या लग्नातला मंडप उडाला का?" राजकुमार म्हणाले.

वाक्य काही वाईट नव्हतं. ऑफिसात म्हटलं असतं तर चार लोक हसले असते आणि कुणी तरी चहा सांगितला असता. घरात मात्र सुलेखाताईंनी फोन उचलला आणि पाठोपाठ बशी उचलली. बशीत अर्धे पोहे होते.

राजकुमार एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून. यातला 'अव्वल' त्यांना अतिशय प्रिय. "कारकून पुष्कळ असतात," असं ते नव्या माणसाला सांगत आणि पुढचं वाक्य त्याच्या बुद्धीवर सोडून देत. असा माणूस उरलेला आठवडा बिनफोडणीच्या वरणावर काढतो तेव्हा त्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. शेवटी त्यांनी विचारलं, "पाहिजे तरी काय तुला?"

"एक फोटो," सुलेखाताई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवत, त्यामुळे उत्तर पायऱ्यांसकट आलं. "म्हैसमाळला. तसाच गाऊन घालून. तुम्ही काढायचा नाही. तुम्ही फक्त सोबत यायचं."

'तुम्ही काढायचा नाही' याला इतिहास होता. दाभाड्यांच्या कपाटात अल्बम आहेत आणि त्यांत सुलेखाताई गळ्यापासून खाली पुष्कळ ठिकाणी सापडतात. वेरुळाच्या फोटोंत तर लेणं असं स्वच्छ आलंय की पुरातत्त्ववाल्यांनी मागून न्यावं. बायकोचा फक्त कोपर आलाय.

आता म्हैसमाळ काही लांब नाही. गाडीत बसायचं, दौलताबाद, खुलताबाद, की पोचलोच. पण मध्यमवर्गीय माणूस असा सरळ कुठं जात नाही, आधी तो शेजाऱ्याला विचारतो. राजकुमारांनी जिन्यात नानासाहेबांना गाठलं. नानासाहेब म्हणजे आशाबाईंचे यजमान. पैठणकडचे बागायतदार. मोसंबीची बाग भावाच्या ताब्यात दिलेली, सल्ले स्वतःकडे ठेवलेले.

"रविवारी जाऊ नका," नानासाहेब म्हणाले. "रविवारी तिथं धुकं कमी अन् माणसं लई. आडवारी जावा."

"रजा कोण देतो आडवारी?"

"कंबर सांगा. कंबर एक्सरेत दिसत नाय."

मग बूट कुठले घालावे, भजी कुठल्या गाड्यावर खाऊ नयेत, माकडासमोर पिशवीची चेन का उघडू नये, हे सगळं त्यांनी खुलासेवार सांगितलं. एकाच प्रश्नाला बगल दिली. "वहिनींच्या गाऊनचं ते शेपूट एवढं वर उडालं कसं?" असं राजकुमारांनी विचारलं, तेव्हा नानासाहेब एकदम खाली बघायला लागले. "वारं असतं ना तिथं," म्हणाले आणि भराभरा जिना उतरून गेले.

सुलेखाताईंच्या शाळेला गुरुवारी सुट्टी होती. राजकुमारांनी 'कंबरेत लचक भरल्याने हालचाल अशक्य' असा अर्ज खरडला. साहेब होते विश्वजीत घुगे, परीक्षा देऊन थेट खुर्चीत बसलेला तरुण माणूस. त्यांच्या टेबलावर राजकुमारांचा गोपनीय अहवाल सहीसाठी पडला होता आणि त्यातल्या दोन ओळींवर बढती अडकली होती. म्हणून राजकुमार केबिनमधून बाहेर पडताना भिंतीला धरून, तिरके तिरके चालत बाहेर पडले. अभिनय जरा जास्त झाला, कारण शिपायानं धावत खुर्ची आणली.

गुरुवारी सकाळी म्हैसमाळच्या अलीकडच्या नाक्यावर गावसमितीच्या एका माणसानं छत्रीनं गाडी अडवली. पावती फाडली आणि खिडकीत वाकून विचारलं, "गाऊन घालणार का?"

"तुम्हाला काय करायचंय?" राजकुमार म्हणाले.

"गाऊन असला की ते शूटिंग धरतेत. शूटिंगला अर्ज लागतो."

अव्वल कारकून जागा झाला. "कुठल्या आदेशानुसार?"

"अर्ज करा, मग आदेश दाखवतो. आदेशाची प्रत पायजे आसंल तर त्याला दुसरा अर्ज."

इतकी वर्षं हे वाक्य राजकुमार खिडकीच्या आतून म्हणत आले होते. बाहेरून ते कसं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. रागाच्या खाली कुठं तरी कौतुकही वाटलं.

"भाऊ, गाऊन नाही काही," सुलेखाताई पलीकडून म्हणाल्या. "साधा फोटो काढतो आणि निघतो."

"मग जावा की," तो म्हणाला. गणिताची शिक्षिका धडधडीत खोटं बोलली आणि नाका ओलांडला.

वर आडवारही माणसांनी भरला होता. हिरवंगार पठार, धुक्याचे लोट आणि त्या सगळ्याकडं पाठ करून उभी असलेली शेकडो माणसं. दरीकडं तोंड करून उभा असलेला एकच प्राणी होता, तो म्हणजे भाड्याचं घोडं. एक जण ओल्या गवतात पालथा पडून बायकोचे फोटो घेत होता आणि बायको त्याला "अजून खाली" म्हणत होती. त्याला आणखी खाली जाऊ द्यायला जमीन तयार नव्हती. एका टोळक्यात एक मुलगी सहज हसल्याचा फोटो काढत होती. पाचव्यांदा सहज हसताना ती रडकुंडीला आली. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यात म्हशी बसून गेल्यासारखे खड्डे पडले होते आणि एकेका खड्ड्यासाठी दोन-दोन कुटुंबं थांबली होती. चहावाल्याकडून कप विकत घेऊन लोक तो धुक्यासमोर धरत, फोटो काढत आणि गार झालेला चहा ओतून देत. 'कठड्यापलीकडे जाऊ नये' या पाटीचा फोटो कठड्यापलीकडूनच चांगला येतो, असं दिसत होतं.

"ओ अंकल, थोडा बाजू हो जाव ना, फ्रेममें आरे तुम," एक पोरगा ओरडला. राजकुमार बाजूला झाले, तर तिकडून दुसरा ओरडला. एवढ्या मोठ्या पठारावर अव्वल कारकुनाला उभं राहायला हक्काची जागा उरली नव्हती.

भाड्याच्या गाऊनचं दुकान म्हणजे दोन बांबूंमध्ये ताणलेली नायलॉनची दोरी. मालकीण रूपा. खुलताबादजवळच्या वाडीतली, चाळिशीची, तोंडानं फटकळ आणि हातानं चपळ बाई. गिऱ्हाइकाच्याच फोनवर फोटोही तीच काढायची. तिनं सुलेखाताईंना एकदा खालीवर पाहिलं. "ताई, लालच घ्या. धुक्यात लालच उठतो. ड्रेसवरूनच चढवा."

गाऊनची रचना मोठी प्रामाणिक होती. समोरून महाराणी, मागून गादीची उघडी खोळ आणि तिला नुसत्या नाड्या. सुलेखाताई कड्याजवळच्या खडकावर उभ्या राहिल्या. शेपूट मागं चिखलात पसरलं. वारा म्हणावा तर त्यानं आशाबाईंच्या दिवशीच सगळं काम आटपून घेतलेलं. शेपूट जागचं हलेना.

"हे उडत कसं नाही?" राजकुमारांनी विचारलं.

"उडवावं लागतं," रूपा म्हणाली. "आमचे मालक उडवतेत रोज, आज ते सोयरिकीला गेले. तुमी हायेत की, दाजी. ही दोन टोकं धरा. मी तीन म्हणलं की वर फेका अन् करवंदीच्या जाळीमागं उडी मारा. फोटोत दिसू नका."

त्या क्षणी नानासाहेब जिना उतरून का पळाले ते राजकुमारांना समजलं.

पहिल्या वेळी त्यांनी फेकलं ते थेट सुलेखाताईंच्या डोक्यावर. लाल तंबूतून आवाज आला, "अहो!" दुसऱ्या वेळी शेपूट छान गेलं, पण राजकुमार तिथंच ते बघत उभे राहिले. फोटोत महाराणी आली आणि तिच्या मागं तोंड उघडं टाकलेला, पँटचे पाय दुमडलेला एक गृहस्थ. तिसऱ्या वेळी ते ईर्ष्येनं मागं पळत गेले, सगळा जीव लावून शेपूट भिरकावलं, आणि नेमक्या त्याच वेळी वाऱ्याला आपली नोकरी आठवली. गाऊनचं टोक कणसं भाजणाऱ्या मावशीच्या शेगडीत जाऊन पडलं.

आग लागली नाही. नुसता धूर झाला, कणसाऐवजी नायलॉनचा वास सुटला, आणि शेपटाला बशीएवढं भोक पडलं. मावशीनं राजकुमारांच्या घराण्याबद्दल काही विधानं केली, ती धुक्यात विरली. रूपानं भोकातून एक डोळा लावून पलीकडं पाहिलं.

"ह्याचं काय करायचं, दाजी?"

"भरपाई देतो मी," राजकुमार ताठ मानेनं म्हणाले.

"पैसे नक्को मला. पैशानं गाऊन उडतो का? गिऱ्हाईक बघा किती थांबलंय, अन् माझा उडवणारा नाय. दुपारपर्यंत उडवून द्या, मग तुमी मोकळे, मी मोकळी."

राजकुमारांनी आशेनं बायकोकडं बघितलं. "बरोबर आहे तिचं," सुलेखाताई म्हणाल्या. "आणि तुमची सवयही होईल. माझा फोटो मग शेवटी काढू." त्यांनी गाऊन उतरवला, एक कणीस घेतलं आणि दगडावर बसून त्या खाऊ लागल्या.

अशा रीतीनं राजकुमार दाभाडे सकाळभर परक्या बायकांची शेपटं उडवत राहिले. सुरुवातीला त्यांनी चेहरा चौकशी समितीवर असल्यासारखा ठेवला होता. पण करवंदीच्या जाळीत वारंवार उडी मारणाऱ्या माणसाचा चेहरा फार काळ गंभीर राहत नाही. हळूहळू त्यांना त्यातलं कळायला लागलं. टोकं चिमटीत धरायची नाहीत, मुठीत धरायची. वाऱ्याची झुळूक गालाला लागली की मगच पळायचं. मनगट शेवटी झटकायचं. बजाजनगरच्या एका नव्या नवरीचं शेपूट तर असं उडालं की बाजूच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजकुमारांनी जाळीमागून टाळ्या ऐकल्या. नोकरी लागल्यापासून त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"अंकल हौले हौले उडाते, एकदम मस्त," रांगेत बोलबाला झाला. "उडवणारे काका कुठंयत?" अशी विचारणा सुरू झाली. एका आजोबांनी तर खूश होऊन त्यांच्या खिशात नोट कोंबली आणि ते गर्दीत नाहीसे झाले. राजकुमार हादरले. सरकारी नोकरीत कुणाकडून सुपारीचं खांड न घेतलेला माणूस, आणि आज भर पठारावर, चारचौघांदेखत! त्यांनी ती नोट कणसवाल्या मावशीच्या डब्यात टाकली, तेव्हा कुठं मावशीनं त्यांच्या घराण्याविषयीचं मत थोडं बदललं.

पुढचं गिऱ्हाईक निळ्या गाऊनमधलं होतं. राजकुमारांनी फेकलं, झटकलं, उडी मारली आणि जाळीतून केसांत पानं घेऊन उठले. समोर रेनकोटची टोपी घातलेला, धुक्यातही काळा चष्मा लावलेला एक माणूस उभा होता. त्यानं चष्मा काढला.

"दाभाडे?"

"साहेब."

घोडं फुरफुरलं.

"तुमची कंबर?" घुगे साहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब," राजकुमार म्हणाले. दुसरं काय सांगणार? ती होतीच.

"मी स्थळपाहणीला आलोय."

"होय साहेब. स्थळ चांगलं आहे."

तेवढ्यात साहेबांच्या मागून हिरवा गाऊन घातलेल्या अमृता मॅडम आल्या. स्थळपाहणीला मिसेस आणि मिसेसना शेपूट. राजकुमारांच्या डोळ्यांसमोर गोपनीय अहवाल उभा राहिला. 'प्रामाणिकपणा' या रकान्यासमोर साहेब पेन टेकवताहेत, असंही दिसलं.

"दाभाडे, जरा मॅडमचं तेवढं..." साहेब ऑफिसच्या सुरात म्हणाले. राजकुमारांचे हात सवयीनं पुढं झाले. साहेबांची पिशवी, साहेबांची फाइल, आता साहेबांच्या बायकोचं शेपूट. हात टोकांपर्यंत पोचले आणि दगडावरून आवाज आला.

"साहेब, ते तुम्हीच उडवा." सुलेखाताई कणसाचा बुंधा हातात धरून उभ्या होत्या. वर्गात फळ्याशी कुणाला बोलवायचं ते ठरलेलं असतं तेव्हाचा आवाज. "आमचे उडवतात ते भोकाच्या बदल्यात. तुमचं काही जळलेलं नाही. आपल्या माणसाचं आपण उडवावं."

"हो, तुम्हीच उडवा ना," अमृता मॅडमही म्हणाल्या. "नेहमी कुणाला तरी पुढं करता."

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. राजकुमारांना बायकोचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी काळजात कुठं तरी फटाक्यांची लड लागली. त्यांनी घसा साफ केला. "साहेब, चिमटीत नका धरू. मुठीत. असं. आणि माझ्याकडं नका बघू, मॅडमकडं बघा."

साहेब पळाले. शेपूट फेकलं, पण एक टोक हातातच राहिलं. शेपटानं त्यांच्याभोवती वेढा घातला आणि साहेब हिरव्या सुरळीत गुंडाळलेल्या अवस्थेत चिखलात आडवे झाले. पुन्हा उठले. या खेपेला शेपटाच्या टोकावर घोडं उभं होतं. साहेबांनी ओढलं. घोड्यानं शांतपणे त्यांच्याकडं पाहिलं आणि पाय हलवला नाही. रांगेतून सूचना येऊ लागल्या. "ओ भैया, घोडे को बोलो!" "साहेब, दम काढा, दम!" कुणी तरी रील काढत होतं.

"तुमच्यापेक्षा ते काका बरे," अमृता मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या.

खुर्चीवरचे साहेब राजकुमारांनी रोज पाहिले होते. चिखलात बसून बायकोकडं असं केविलवाणं बघणारा विश्वजीत घुगे त्यांनी पहिल्यांदा पाहिला. राजकुमार खाली बसले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, वारं गालाला लागेपर्यंत थांबायचं असतं. घाई करायची नाही. मी सांगतो तेव्हा." त्यांनी घोडं हाकललं, साहेबांच्या मुठीत टोकं दिली आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. झुळूक आली. "पळा!" शेपूट गेलं, चांगलं वर गेलं, आणि दोघांनी एकाच जाळीत उडी मारली.

जाळीत नाकाला नाक लागेल एवढी जागा होती. वर रूपाच्या हातातला फोन किटकिटत होता.

"दाभाडे," साहेब कुजबुजले, "आज आपण भेटलो नाही."

"कोण, साहेब?"

साहेब गालावरचा काटा काढत म्हणाले, "अहवाल उद्या पाठवतो वर. सही करून."

दुपार उलटली तसं धुकं उतरलं, असं की दोरीवरचे गाऊनही दिसेनात. गर्दी भज्यांच्या गाड्यांकडं सरकली. रूपानं सुलेखाताईंना पुन्हा लाल गाऊन चढवला आणि भोक पडलेलं टोक आतल्या अंगाला वळवलं. राजकुमार मागं गेले. आता त्यांना कुणाच्या सूचनेची गरज नव्हती. गालाला वारं लागलं आणि ते पळाले. शेपूट हातातून सुटलं, ते उघडत, वर चढत, धुक्यात पसरत गेलं. जाळीतून त्यांनी मान वर काढली. सुलेखाताईंनी डोळे मिटले होते आणि मान मागं टाकली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी, एकही पेपर तपासायचा उरलेला नसताना, बाईंचा चेहरा असा होतो. राजकुमारांनी तो घरात पाहिला असेल, पण फोटो काढताना ते नेहमी तिचं डोकंच कापत आले होते.

"झाला!" रूपा ओरडली. "ताई, ह्याच्यापुढं सगळ्या फिक्या."

सुलेखाताईंनी फोटो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि फोन पर्समध्ये ठेवला. मग नाड्या सोडता सोडता थांबल्या.

"आता तुम्ही घाला."

"काय?"

"गाऊन. सकाळपासून बघते आहे. प्रत्येक बाईचं उडवल्यावर तुम्ही जाळीतून मान काढून बघत होता."

"ते मी... काम नीट झालं का ते बघत होतो."

"बरं. घाला."

"वेड लागलंय का? अव्वल कारकून माणूस मी!"

"धुकं आहे. कोण बघतंय?"

राजकुमारांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. घोडं होतं, पण ते दरीकडं बघत होतं. रूपा पाठ करून दोरी सोडत असल्याचं नाटक करत होती. राजकुमारांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा काढून सुलेखाताईंकडं दिला, आणि कुरकुरत दोन्ही हात पुढं केले. पोटावर गाऊन थोडा थांबला. मागच्या नाड्यांनी समजून घेतलं.

ते खडकावर उभे राहिले. समोर पांढरं, त्यात कुठं तरी सुलेखाताईंचा फोन धरलेली रूपा. मागं पांढरं. आपण म्हैसमाळला आहोत की कुठं आहोत हे कळायला मार्ग नव्हता. मागून सुलेखाताईंची पावलं पळत आली आणि त्यांना खांद्यांवर हलकंसं ओढल्यासारखं झालं, मग ते ओढणं एकदम नाहीसं झालं. लाल काही तरी डोक्यावरून वर निघालं होतं. ते बघायला राजकुमारांनी मान वर केली आणि त्यांचे हात आपोआप बाजूला पसरले. हात पसरायचं कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर खुलताबाद गेलं.

"माझा तो फोटो कुणाला पाठवलास तर बघ," राजकुमार म्हणाले.

"नाही पाठवत."

"नानाला तर मुळीच नाही."

"नाही हो."

दौलताबादच्या दरवाज्यात एक ट्रक आणि एक एसटी समोरासमोर येऊन थांबल्या होत्या आणि दोघांपैकी कुणीही मागं व्हायला तयार नव्हतं. राजकुमारांनी गाडी बंद केली. वायपर थांबला. काचेवर थेंब साठू लागले.

"डिलीट करून टाक सरळ," ते म्हणाले.

"बरं." सुलेखाताईंनी फोन काढला. अंगठा काचेवर फिरला.

"थांब," राजकुमार म्हणाले. पुढच्या ट्रककडंच बघत, खालच्या आवाजात. "आधी मला पाठव."